कागदावरचा ॲम्प्लिफायर गुणगुणत का नाही?

घरी ॲम्प्लिफायर जोडणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असते: 'कॉम्प्युटरवर तर व्यवस्थित चालत होता.' पडद्यावर गुळगुळीत साइन वेव्ह दिसत असते आणि टेबलावरच्या बोर्डाची तऱ्हा निराळीच. स्पीकरमधून घुंऽऽ असा आवाज येतो, गाणे लावलेले नसतानाही हीट सिंकला हात लावता येत नाही आणि आउटपुटजवळचा एक बारका रेझिस्टर काळा पडलेला असतो. यावर दोन निकाल ठरलेले आहेत. एक पक्ष म्हणतो, सिम्युलेशन हा पोरखेळ आहे, प्रत्यक्षाशी त्याचा संबंध नाही. दुसरा म्हणतो, सर्किट बिनचूक आहे, बाजारातून आणलेला मालच भिकार. मला दोन्ही निकाल घाईचे वाटतात. सिम्युलेटरला एक चित्र दाखवून 'हे चालेल का' असे विचारले गेले आणि त्याने त्या चित्रापुरते खरे उत्तर दिले. टेबलावर जे उभे राहिले त्यातल्या कितीतरी गोष्टी त्या चित्रात काढलेल्याच नव्हत्या. कोणत्या नव्हत्या, हे नीट समजून घेतले तर संशयितांची यादी आयती हातात येते. ही यादी मनाला येईल तशी बनत नाही. ती त्या प्रोग्रॅमच्या जन्मकथेतच दडलेली आहे.

आज घरोघरी वापरले जाणारे बहुतेक सिम्युलेटर 'स्पाइस' या एकाच घराण्यातले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले आवारात रोनाल्ड रोहरर यांच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनी आधी एक प्रोग्रॅम लिहिला होता. त्यातून लॉरेन्स नेगल यांनी डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली स्पाइस घडवला आणि १९७३ साली तो जगापुढे आला. तो मागेल त्याला देण्याचे धोरण असल्यामुळे त्याची पुढची पिढी सगळीकडे पसरली. लिनिअर टेक्नॉलॉजी या चिप कंपनीने १९९९ मध्ये एलटीस्पाइस फुकट वाटायला सुरुवात केली, एनजीस्पाइस मुक्त सॉफ्टवेअर म्हणून उभा राहिला, आणि त्याच एनजीस्पाइसच्या आधारावर आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने ई-सिम हे साधन तयार केले. आतले यंत्र सगळ्यांचे साधारण सारखेच. सर्किटमधल्या प्रत्येक सांध्यावर येणारा आणि जाणारा प्रवाह समान असला पाहिजे, हा किर्खोफचा नियम. त्यावरून समीकरणे मांडायची. ट्रान्झिस्टर सरळ रेषेत वागत नाही म्हणून न्यूटनच्या पद्धतीने अंदाज सुधारत सुधारत उत्तरापर्यंत जायचे. ट्रान्झिस्टरचे वागणे सांगायला बेल प्रयोगशाळेतल्या गमेल आणि पून यांचे १९७० चे गणिती मॉडेल. जादू यात कुठेच नाही, हिशेब मात्र प्रचंड आहे.

आता स्पाइस या नावाचा विस्तार पाहा: सिम्युलेशन प्रोग्रॅम विथ इंटिग्रेटेड सर्किट एम्फसिस. भर इंटिग्रेटेड सर्किटवर, म्हणजे चिपवर. सुट्या भागांचे सर्किट पूर्वी ब्रेडबोर्डवर जोडून पाहता येई. चिपच्या आत ना प्रोब घालता येत, ना एखादा रेझिस्टर बदलून बघता येत. म्हणून आधी कागदावर खात्री करणे भाग होते. आणि चिपच्या दुनियेत काही गृहीतके जवळपास खरी असतात. शेजारशेजारचे दोन ट्रान्झिस्टर सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर एकाच वेळी घडलेले, त्यामुळे जुळ्या भावांसारखे. दोघांचे तापमान जवळजवळ एकच. मधली तार मिलिमीटरच्या काही भागांएवढी, म्हणजे त्या काळच्या वेगांना नगण्य. स्पाइस तुम्ही वेगळे सांगेपर्यंत हेच धरून चालतो: एकाच नावाचे सगळे ट्रान्झिस्टर तंतोतंत सारखे, सगळे सत्तावीस अंश सेल्सिअसवर, आणि चित्रातली प्रत्येक रेघ म्हणजे रोध नसलेली, लांबी नसलेली आदर्श तार. घरच्या ॲम्प्लिफायरमध्ये नेमके हेच तिन्ही खोटे ठरते. ट्रान्झिस्टर पुडीतून निवडलेले, हीट सिंकचे एक टोक गरम आणि दुसरे थंड, ट्रान्सफॉर्मरपासून बोर्डापर्यंत वीतभर तारा. जोडी, ऊब आणि तार. माझे म्हणणे एवढेच, की बिघाड शोधताना सिम्युलेटर उलट्या दिशेने चालवावा. सर्किट चांगले आहे हे सिद्ध करण्यात वेळ न घालवता, ही तीन गृहीतके एकेक करून मोडावीत आणि चित्रातला ॲम्प्लिफायर टेबलावरच्यासारखा आजारी पडतो का ते पाहावे.

यावर पहिला आक्षेप अनुभवी दुरुस्ती करणाऱ्याचा असेल. चाळीस वर्षे मल्टिमीटर, सिरीज बोर्डावरचा बल्ब आणि कान एवढ्यावर रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्त झाले, तेव्हा कुठे होता कॉम्प्युटर? आक्षेप वजनदार आहे आणि सिरीज बल्बाला तर पर्यायच नाही. नवा बोर्ड थेट २३० व्होल्टवर लावण्याआधी साठ किंवा शंभर वॅटचा बल्ब मध्ये घालणे हे कोणत्याही सॉफ्टवेअरने करता येण्याजोगे काम नाही. पण कारागिराकडे येणारा सेट कारखान्यात बनलेला असतो. त्याची रचना हजारो वेळा चाललेली आहे, हे आधीच सिद्ध असते. म्हणजे खराब असेल तर एखादा भाग किंवा एखादा सांधा. घरी आखलेल्या ॲम्प्लिफायरवर मात्र तीन आरोपी एकदम उभे असतात: आखणी, भाग आणि जुळणी. कारागिराचा सगळा अनुभव शेवटच्या दोघांबद्दलचा आहे. पहिल्याला वेगळे काढायला दुसरे काहीतरी लागते, आणि सिम्युलेशनचा पहिला उपयोग तोच. आदर्श चित्रातच ॲम्प्लिफायर घसरत असेल तर भाग बदलत बसण्यात अर्थ नाही. आदर्श चित्रात तो ठणठणीत असेल, तर आखणीतल्या ढोबळ चुका बाजूला ठेवून गृहीतकांकडे वळता येते.

बोलणे हवेत राहू नये म्हणून एक नेहमीचे सर्किट घेऊ. चोवीस-शून्य-चोवीसचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर आणि दोन मोठे कपॅसिटर, म्हणजे अधिक-उणे ३३ व्होल्टच्या आसपास सप्लाय. पुढे दोन ट्रान्झिस्टरांची जोडी, तिच्यात १ मिलिअँपिअर प्रवाह वाटून घेतलेला. मग व्होल्टेज वाढवणारा एक ट्रान्झिस्टर, त्याच्यावर १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर. शेवटी ड्रायव्हर आणि पॉवर ट्रान्झिस्टर, प्रत्येकाच्या एमिटरला ०.२२ ओहम. एकूण वाढ २३ पट, आठ ओहमच्या स्पीकरला चाळीसेक वॅट. ही तीन पायऱ्यांची बांधणी आरसीएमधल्या एच. सी. लिन यांच्या १९५६ च्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरपासून चालत आलेली. आजही घरगुती आखण्यांचा मोठा हिस्सा तिचीच भावंडे आहेत. तिला सांभाळतो तो निगेटिव्ह फीडबॅक: आउटपुटचा थोडा अंश परत आणून इनपुटशी ताडून पाहायचा आणि चूक दिसली की ती पुसायची. हॅरॉल्ड ब्लॅक यांना ही कल्पना २ ऑगस्ट १९२७ रोजी हडसन नदीवरच्या फेरीबोटीत सुचली आणि हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावर त्यांनी ती उतरवली. दुरुस्तीच्या दृष्टीने या कल्पनेत एक खोच आहे. फीडबॅक आउटपुट सुधारतो, म्हणजेच आतली दुखणी झाकतो. आउटपुटवर शून्य व्होल्ट दिसले म्हणून आत सारे ठीक आहे असे समजू नये; एखादा ट्रान्झिस्टर निम्म्या ताकदीवर धापा टाकत असला तरी बाकीचे त्याची भरपाई करत असतात. म्हणून सिम्युलेटरकडून सिग्नलशिवायचे सगळे व्होल्टेज, प्रत्येक सांध्याचे, आधी कागदावर उतरवून घ्यावेत आणि मल्टिमीटरने त्याच क्रमाने मोजावेत. पहिला मोठा फरक जिथे पडतो तिथे थांबायचे. हे काम कंटाळवाणे आहे आणि निम्मे बिघाड इथेच सापडतात.

सापडतात ते मुख्यतः जोडीच्या आणि भागांच्या गृहीतकामुळे. चित्रातल्या ट्रान्झिस्टरच्या पायांवर कलेक्टर, बेस, एमिटर चुकणे शक्य नसते. हातातल्या ट्रान्झिस्टरचे तसे नाही. सपाट बाजू समोर धरली तर बीसी ५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन३९०४ चे एमिटर, बेस, कलेक्टर. सी १८१५ चे एमिटर, कलेक्टर, बेस. पर्यायी नंबर म्हणून दुकानदाराने दिलेला २एन३९०४ बीसी ५४७ च्याच भोकांत बसवला की कलेक्टर-एमिटर उलटे होतात, आणि गंमत अशी की उलटा ट्रान्झिस्टर साफ मरत नाही. तो अगदी थोड्या वाढीने चालत राहतो. फीडबॅक त्याला सांभाळून घेतो आणि ॲम्प्लिफायर 'वाजतो पण मजा नाही' अशा अवस्थेत अडकतो. चित्रात तोच ट्रान्झिस्टर मुद्दाम उलटा करून पाहा. मोजलेले व्होल्टेज त्या चित्राशी जुळले, तर सोल्डर काढण्याआधीच निदान झाले. वाढीच्या आकड्याचेही तेच. बीसी ५४७ च्या मागे ए असेल तर वाढ ११० ते २२०, बी असेल तर २०० ते ४५०, सी असेल तर ४२० ते ८००. लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेल्या पुडीत ही अक्षरे सरमिसळ निघाली तर नवल नाही. सिम्युलेटरमध्ये मात्र या सगळ्या पसाऱ्याला एकच आकडा. इनपुटचा रेझिस्टर ४७ किलोओहम आणि फीडबॅकचा २२ असेल, तर वाढ ३०० धरल्यास बेस प्रवाहातून आउटपुटवर साधारण ४० मिलिव्होल्टचा डीसी उरतो, १५० धरल्यास ८० च्या पुढे जातो. म्हणजे पडद्यावर ४० आणि मीटरवर ८० दिसले तर घाबरण्याचे कारण नाही, आणि ८०० दिसले तर वाढीच्या फरकाने त्याचा खुलासा होत नाही. हा शेवटचा निष्कर्ष मला जास्त मोलाचा वाटतो. सिम्युलेशन एखाद्या संशयिताला सोडून देऊ शकते.

एका बाबतीत मात्र ते कुणालाच दोषी धरत नाही: सिम्युलेटरमध्ये काहीही जळत नाही. बीसी ५४७ ची सहनशक्ती ४५ व्होल्ट. आपल्या सर्किटमधल्या दुसऱ्या पायरीवर पूर्ण आवाजाला साठ व्होल्टच्या वर ताण पडतो. गमेल-पून मॉडेलमध्ये कलेक्टर फुटणे हा प्रकारच नाही, त्यामुळे चित्रातला बीसी ५४७ साठ काय, दोनशे व्होल्टलाही निवांत काम करतो. पाव वॅटच्या रेझिस्टरमधून पाच वॅट गेले तरी पडदा शांत. त्यामुळे प्रत्येक भागावरचा ताण आणि वॅट आपणच आलेखात काढून डेटाशीटशी ताडायचे असतात. इतकी उघड गोष्ट, पण पडद्यावरची साइन वेव्ह एकदा सुंदर दिसली की ती तपासायला हात वळत नाही.

दुसरे गृहीतक उबेचे. सिलिकॉन ट्रान्झिस्टर एक अंशाने तापला की त्याला तेवढाच प्रवाह सोडायला दोन मिलिव्होल्ट कमी पुरतात. पॉवर ट्रान्झिस्टरांचा सिग्नलशिवायचा स्थिर प्रवाह ठरवणारा बायस सांभाळणारा ट्रान्झिस्टर हीट सिंकला घट्ट चिकटलेला असेल तर तोही सोबत तापतो आणि बायस आपोआप खाली आणतो. तो बोर्डावर मोकळा उभा असेल तर त्याला या तापण्याची वार्ताच नसते. सिम्युलेटरमध्ये सगळे सत्तावीस अंशांवर गोठलेले, त्यामुळे हा बिघाड तिथे कधीच आपणहून उगवत नाही. पण विचारला तर सांगतो. प्रत्येक ट्रान्झिस्टरला वेगळे तापमान देण्याची सोय स्पाइसमध्ये आहे. पॉवर ट्रान्झिस्टर चाळीस अंशांनी वर न्या, बायसवाला जागेवर ठेवा. दोन्ही बाजूंचे मिळून १६० मिलिव्होल्ट जादा होतात आणि १०० मिलिअँपिअरचा स्थिर प्रवाह ३०० च्या घरात जातो. ६६ व्होल्टच्या एकूण सप्लायवर याचा अर्थ वीस वॅट, तेही गाणे न लावता. एवढ्या उष्णतेने तापमान आणखी वाढते, त्याने प्रवाह वाढतो, आणि हे चक्र कुठे थांबेल ते हीट सिंकच्या आकारावर अवलंबून राहते. पडद्यावर चक्र फिरत नाही, पण त्याची एकेक पायरी हाताने टाकता येते आणि प्रत्येक पायरीला काय मोजायचे ते कळते: ०.२२ ओहमच्या रेझिस्टरवर २२ मिलिव्होल्ट असायला हवेत, ते दहा मिनिटांत ६६ कडे सरकतात का?

तिसरे गृहीतक तारेचे, आणि घरगुती बांधणीत सर्वांत जास्त छळ त्याचा. चित्रात ग्राउंडचे त्रिकोणी चिन्ह दहा ठिकाणी काढले तरी सिम्युलेटरच्या लेखी तो एकच बिंदू. टेबलावर त्या दहा ठिकाणांमध्ये तांबे असते. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या दहा सेंटिमीटर तारेचा रोध किती? सुमारे ३.४ मिलिओहम. हसण्यावारी न्यावा असा आकडा. पण रेक्टिफायर मोठ्या कपॅसिटरना सतत प्रवाह देत नाही. प्रत्येक अर्ध्या चक्राच्या शिखरावर क्षणभर ओतून देतो. ॲम्प्लिफायर शांत बसलेला असतानाही ही उसळी सहज एक अँपिअरपर्यंत जाऊ शकते. तीच तार इनपुटच्या ग्राउंडलाही वापरली असेल, तर एक अँपिअर गुणिले ३.४ मिलिओहम, म्हणजे ३.४ मिलिव्होल्ट इनपुटमध्ये शिरले. २३ पटींनी वाढून स्पीकरवर ७८ मिलिव्होल्ट. शांत खोलीत हे स्पष्ट ऐकू येते, आणि आवाज वाढवून जड प्रवाह घेतला की उसळ्या मोठ्या होऊन हमही वाढतो. हे चित्रात आणायला फार काही लागत नाही. आदर्श बॅटरीच्या जागी ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि कपॅसिटर काढायचे, दोन ग्राउंडांमध्ये ३.४ मिलिओहमचा एक रेझिस्टर घालायचा, आणि इतका वेळ मुका असलेला कागदावरचा ॲम्प्लिफायर गुणगुणू लागतो. शिवाय त्याची गुणगुण १०० हर्ट्झची असते, कारण ५० हर्ट्झच्या विजेची दोन्ही अर्धी चक्रे रेक्टिफायर वापरतो. उघड्या तारेने ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र थेट पकडले असते तर मुख्य सूर ५० चा आला असता. मोबाइलवरच्या एखाद्या स्पेक्ट्रम ॲपलाही हा फरक दाखवता येतो, आणि सरावलेला कान त्याच्याही आधी सांगतो: पन्नासचा सूर गोल आणि खर्जातला, शंभरचा चरचरीत.

रोधाइतकीच तारेची लांबीही खोड काढते. सरळ तारेचे इंडक्टन्स मिलिमीटरला साधारण एक नॅनोहेन्री. सप्लायच्या वीस सेंटिमीटर तारेत दोनशे नॅनोहेन्री झाले. गाण्याच्या वारंवारतेला ते दिसतही नाहीत, पण ॲम्प्लिफायर फक्त गाण्याच्या पट्ट्यात जगत नाही. इनपुट जोडीची ताकद आणि तो १०० पिकोफॅरड यांचा हिशेब केला तर फीडबॅकचा वेढा शेकडो किलोहर्ट्झपर्यंत जिवंत असतो. हॅरी नायक्विस्ट यांनी १९३२ साली घालून दिलेला दंडक असा, की वेढ्यात फिरून येणारा सिग्नल ज्या वारंवारतेला एकपटीवर येतो, तिथे पोहोचेपर्यंत तो उलटा फिरलेला नसावा; फिरला तर चूक पुसणारा फीडबॅक चूक वाढवू लागतो आणि ॲम्प्लिफायरचा ऑसिलेटर होतो. आदर्श चित्रात इथे भरपूर मोकळीक दिसते. मग सप्लायच्या दोन्ही तारांत दोनशे नॅनोहेन्री घाला, पॉवर ट्रान्झिस्टरजवळचे छोटे कपॅसिटर काढून टाका, स्पीकरच्या केबलपोटी दोन नॅनोफॅरड जोडा, १०० च्या जागी ४७ पिकोफॅरड ठेवा, आणि २एन३०५५ साठी इंटरनेटवरून घेतलेले मॉडेल तुमच्या हातातल्या तुकड्याहून किती चपळ आहे तेही तपासा. जुन्या घडणीचा २एन३०५५ जेमतेम ०.८ मेगाहर्ट्झचा, नव्या डेटाशीटवर अडीच लिहिलेले असते. यातल्या एकेका बदलाने मोकळीक घटत जाते, आणि दोन-तीन एकत्र आले की छोटी चौकोनी लाट दिल्यावर पडद्यावर कडेला झालर दिसू लागते. ही झालर मल्टिमीटरला कधीच दिसणार नाही. अर्धा मेगाहर्ट्झ त्याच्या एसी मापाच्या फार पलीकडे असतो, आणि कधी कधी तर प्रोब टेकवताच ऑसिलेशन थांबते.

मग लाट दाखवणारा सीआरओ नसेल त्याने काय करायचे? इथे त्या काळ्या पडलेल्या बारक्या रेझिस्टरकडे वळू. आउटपुटवर ग्राउंडकडे १० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड एकापाठोपाठ जोडलेले असतात, झोबेल नावाने ओळखली जाणारी ही जोडी. एक किलोहर्ट्झला पूर्ण आवाजातही त्या रेझिस्टरमध्ये मिलिवॅट-दीड मिलिवॅटच जिरतात. अर्ध्या मेगाहर्ट्झला पाच व्होल्टचे ऑसिलेशन असेल तर सव्वादोन वॅट. पाव वॅटचा रेझिस्टर त्यात करपणारच. आता गरम हीट सिंकचे दोन खुलासे समोर आहेत, वर पाहिलेला उबेचा आणि आताचा तारेचा, आणि सिम्युलेशनने दोघांची ओळखपरेड ठरवून दिली. बायस सुटला असेल तर एमिटर रेझिस्टरवर ६६ मिलिव्होल्ट आणि झोबेल थंडगार. ऑसिलेशन असेल तर झोबेल तापलेला. सप्लाय बंद करून, कपॅसिटर रिकामे होऊ देऊन, मग बोट लावून पाहायचे. एवढ्या स्वस्तात निकाल देणारी चाचणी आधी कागदावर हिशेब केल्याशिवाय सुचणे अवघड आहे.

आता मोठा आक्षेप. नॅशनल सेमीकंडक्टरचे बॉब पीस हे ॲनालॉग सर्किटांतले मोठे नाव. बिघाड शोधण्यावर त्यांनी १९९१ साली पुस्तकच लिहिले, आणि स्पाइसवरचा त्यांचा अविश्वास जगजाहीर होता. मॉडेल चुकीचे असते, प्रोग्रॅम खोटे उत्तर आत्मविश्वासाने देतो, आणि माणूस विचार करायचे सोडतो, हा त्यांच्यासारख्यांचा रोख. यातला प्रत्येक शब्द मला मान्य आहे. काळाचे तुकडे पाडून हिशेब करण्याची एक पद्धत नसलेली झालर दाखवते, तर दुसरी असलेली झालर चेपून टाकते. सेटिंगमधला एक शब्द बदलला की ॲम्प्लिफायर 'बरा' होतो. विकृती शून्यापुढे चार शून्यांइतकी कमी आली म्हणून फुशारक्या मारणारेही दिसतात. तो आकडा तंतोतंत जुळ्या ट्रान्झिस्टरांचा आणि आदर्श तारांचा असतो. एडवर्ड चेरी यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले, की सप्लायच्या तारांतून जाणारे अर्धवट कापलेले प्रवाह शेजारच्या तारांत चुंबकीय मार्गाने शिरून विकृती निर्माण करतात. चित्रात दोन तारांमधले नाते काढलेच नाही तर ती दिसणार कुठून? पण यावरून सगळेच उत्तर फेकून द्यावे असे ठरत नाही. प्रत्येक उत्तरावर किती विसंबायचे ते मात्र वेगवेगळे ठरते. सिग्नलशिवायचे व्होल्टेज किर्खोफवर आणि काही रेझिस्टरांवर उभे असतात, त्यांवर भरवसा ठेवावा. उबेचा आणि ग्राउंडचा हिशेब दिशा आणि परिमाण बरोबर सांगतो, अचूक आकडा सांगत नाही. मेगाहर्ट्झच्या गोष्टी मॉडेलवर लटकलेल्या असतात, तिथे 'काय बदलले की काय बिघडते' एवढेच शिकावे. विकृतीचे शेवटचे दशांश वाचूच नयेत.

याहून अवघड आक्षेप तर्काचा आहे. चित्रात हवे ते दोष घालत गेलो तर कोणतेही लक्षण कधी ना कधी उमटणारच. मग निदान आणि ओढूनताणून बसवलेला मेळ यांत फरक काय? फरक पाडते ती दुसरी खूण, आधी न पाहिलेली. ३.४ मिलिओहमने हम आणला, ठीक. पण त्याच चित्रातून आणखी तीन गोष्टी निघतात: सूर १०० हर्ट्झचा असेल, इनपुट पिन ग्राउंडला शॉर्ट केली तरी तो जाणार नाही, आणि जड आवाजाला तो वाढेल. यातली एक जरी टेबलावर खोटी निघाली तर तो रेझिस्टर चित्रातून काढून टाकायचा, कितीही आवडता असला तरी. तिन्ही खऱ्या निघाल्या तरी एक काम उरते. इनपुटचे ग्राउंड त्या वाटणीच्या तारेवरून सोडवून मोठ्या कपॅसिटरांच्या मधल्या बिंदूपासून निघणाऱ्या वेगळ्या तारेवर न्यायचे आणि हम गेला की लगेच खूश न होता तीच तार पुन्हा जुन्या जागी टेकवून पाहायची. घुंऽऽ परत आला आणि मीटरवर सत्तर-ऐंशी मिलिव्होल्टच्या आसपास दिसले, तर सप्लाय बंद करून, सोल्डर गरम करून ती तार आता नव्या जागी कायमची बसवायला हरकत नाही.